एक लाखात मिटवलं

माझ्या दादाला सगळे ‘निम्मे’ म्हणतात. तो जुनं फर्निचर घेतो, ठाकठीक करून विकतो, आणि समोरच्यानं कसलाही भाव सांगितला की ह्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो, “निम्मे.” डॉक्टरांच्या फीवर निम्मे, आईच्या चष्म्यावर निम्मे. लोकांना गंमत वाटते. त्यांचं काय जातं? त्यांनी त्याच्या कर्जाला जामीन राहून बघावं.

मी राहिले. त्यानं टेम्पोसाठी कर्ज काढलं तेव्हा भाऊ म्हणून डोळे मिटून सही केली. पुढं टेम्पो भंगारात गेला, हप्ते थकले आणि वसुलीवाले माझ्या पार्लरमध्ये येऊन बसायला लागले. इकडं गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावलेला, तिकडं बाकावर ते दोन आडदांड! शेवटी दादानं बँकेशी घासाघीस केली. दोन लाख बाकी होते, ते एक लाखात मिटवले. कसला नाचत आला घरी! “अख्खा लाख सोडवला. बँकेला टोपी घालणारा माणूस पाहिलायस का कधी?”

टोपी कुणाला घातली ते काही वर्षांनी कळलं. मालकानं माझा पार्लरचा गाळा विकायला काढला. “पहिला हक्क तुमचा,” तो म्हणाला. “महिनाअखेर कर्ज मंजूर झाल्याचं पत्र दाखवा. नाहीतर शेजारचा औषधवाला पैसे घेऊन उभाच आहे.”

मी कर्ज मागायला माझ्या बँकेत गेले. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. “तुमचा स्वतःचा एकही हप्ता चुकलेला नाही, पण क्रेडिट स्कोर पडलाय. भावाला जामीन होतात ना? ते कर्ज पूर्ण फिटलेलं नाही, तडजोडीनं मिटवलंय. ते तुमच्याही नावावर दिसतं. त्या बँकेनं सोडलेला लाख भरा, त्यांच्याकडून पूर्ण फेडल्याचं पत्र आणा, मग आपण बघू.”

तशीच दादाच्या दुकानात गेले. तो कपाटाचं जुनं पॉलिश खरवडत होता.

“लाख भर,” म्हटलं.

“वेड लागलंय का तुला? सुटलेले पैसे कुणी परत देतं का?”

“माझं दुकान जाईल, दादा. तुझ्या त्या लाखापायी.”

दोन दिवसांनी लाख उभा करायला त्यानं करवतीचं मशीन विकलं. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू? बँकेत मी बरोबर येते म्हटलं तर म्हणाला, “मी काय कुक्कुलं बाळ आहे?” निघताना पुन्हा बजावलं, “अख्खा लाख भरायचा. तोंडाला कुलूप.”

“हो गं बाई, हो!”

संध्याकाळी हसतच आला. आरशाखाली, कंगव्यांशेजारी नोटांचं पुडकं ठेवलं. “तीस हजार परत! वसुलीला नवा साहेब आलाय. सत्तरात पटवला त्याला.”

त्याच्या हातातल्या बँकेच्या पत्रावर पुन्हा तेच: तडजोडीनं मिटवलं.

मी कंगवा फेकून मारला. “अक्कल गहाण टाकलीस का रे? पैसे वाचवायला पाठवलं होतं तुला?”

“अगं, तो सूट देत होता…”

“देत होता? तू मागितलीस!”

त्यानं कंगवा उचलला, पुसला, जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन ते तीस हजार दादाच्या बँकेत आपटले. त्यांनी घेतले. पण नवं पत्र वरच्या ऑफिसातून येणार, ते येईपर्यंत महिना उलटला आणि माझ्या दारावर औषधवाल्याची पाटी चढली. आता स्कोर सुधारतोय म्हणे. डोंबल! चाटायचाय तो स्कोर?

दादाला मी माफ केलेलं नाही. सामान हलवताना आरसे त्यानं एकट्यानं उचलले. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. भाड्याची नवी जागा बघायला मात्र तोच बरोबर आला. तिथल्या मालकानं भाडं सांगितलं. दादाचे ओठ हलले. मी नुसतं त्याच्याकडं बघितलं.

“ठीक आहे,” तो खाली बघत म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा दादानं समोरच्याचा भाव जसाच्या तसा कबूल केला. मालकसुद्धा जरा चकित झाला. सही करून आम्ही बाहेर आलो, आणि शेजारच्या चावीवाल्याला मी सहज विचारलं, “तुमचं भाडं किती हो?”

आमच्या निम्मं.