न्हाणीघराचा उतार

माझ्या थोरल्या काकांना घरात सगळे 'भिंगरी' म्हणत, अर्थात त्यांच्या माघारी. बसगाड्या दुरुस्त करण्यात उभी हयात गेली, पण निवृत्त झाल्यावरही त्यांचं बूड एका जागी टेकेना. चहा उभ्यानं, पेपर येरझाऱ्या घालत. काकू म्हणायच्या, "यांचा फोटोसुद्धा हललेलाच येतो."

काकू पडल्या तेव्हा काका घरात नव्हते. काम काहीच नव्हतं; पाय मोकळे करायला चौकापर्यंत गेले आणि तसेच पुढे गेले. घरामागचं न्हाणीघर उत्तरेच्या अंगाला, ऊन कधी न शिरलेलं. झिजून गुळगुळीत झालेली फरशी, भिंतींना ओल, फुटक्या तावदानातून येणारा बोचरा वारा. कुडकुडत टॉवेलकडे हात करताना काकूंचा पाय सटकला. दाराला आतून कडी. काका परतले तोवर हाका मारून मारून त्यांचा आवाज बसला होता. दार फोडून बाहेर काढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशननंतर लेक त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. घरात काका एकटे. दोन-चार दिवस ते नुसते खोल्यांतून फिरले. मग एका सकाळी शेजाऱ्यांचा घण मागून आणला आणि न्हाणीघराच्या भिंतीचा गिलावा फोडायला घेतला. काकू परत येतील तेव्हा सगळं नवं दिसलं पाहिजे, एवढंच डोक्यात. कुणाला पत्ता लागू दिला नाही.

गवंडी आला, तो वैतागलाच. काका सकाळी पांढऱ्या टाइल्स ठरवत, दुपारी निळ्या. नळ आधी डावीकडे, मग उजवीकडे. जुनी फरशी काढून खाली कच्चा थर पडल्यावर गवंडी म्हणाला, "काका, यावर दोन दिवस पाणी तुंबवून ठेवू. गळती कळेल, उतारही कळेल."

"दोन दिवस? तोवर मी काय बसून राहू?"

"बसाच. आम्हालाही जरा बरं वाटेल."

पण त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, आईला इथं करमत नाही. रविवारी घेऊन येते." झालं! काकांची घालमेल सुरू झाली. पाणी तुंबवणं राहिलं. काका गवंड्याच्या डोक्यावर उभे, "उरक, उरक," आणि फरशी बसली.

रविवारी काकांनी हौसेनं बादलीभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडे जायचं सोडून थेट दाराकडे निघालं आणि उंबऱ्याशी तळं झालं.

"माझंही चुकलं," गवंडी कपाळाला हात लावून म्हणाला. "तुमच्या घाईत लेव्हल धरलीच नाही. आता उखडायला लागणार."

तेवढ्यात वॉकर टेकत काकू आल्या. मागे लेक. काकांनी एका दमात टाइल्स, नळ, नवी खिडकी, सगळं सांगून टाकलं. काकू तळ्याकडे बघत होत्या.

"मला विचारलंत?"

"अगं, त्यात विचारायचं काय? तुझ्यासाठीच तर..."

"मी कशी पडले, कशाला धरायला गेले, किती वेळ पडून होते, ठाऊक आहे तुम्हाला? होतात का तुम्ही?"

काका सिमेंटच्या गोणीवर बसले. म्हणाले, "मी घरात असतो तर..."

"असतात तरी पडलेच असते. हाक ऐकली असतीत, इतकंच."

काकूंनी ते गोड करून सांगितलं नाही. लेकीनं खुर्ची दिली, तीत बसून गवंड्याला बोटानं दाखवत गेल्या. "इथं धरायला दांडी. त्या दिवशी इथंच हात मारला, हाताला काही लागलं नाही. उंबरा काढा. आतली कडी नको. फरशी खरखरीत हवी, दिसायला कशीही असो."

फरशी पुन्हा उखडली. ते सगळे दिवस काकूंचं अंग पुसणं स्वयंपाकघरात, स्टुलावर बसवून. लेक आपल्या घरी परतली होती, तेव्हा काम काकांकडे आलं. पहिल्या दिवशी त्यांनी पाठीवरून ओलं फडकं असं काही फिरवलं की काकू ओरडल्या, "अहो, हळू! बस धुताय का?" काका हसले, मग फडकं पिळून हळू फिरवू लागले. ऑपरेशनची खूण त्यांनी तेव्हा प्रथमच नीट पाहिली.

नव्या थरावर या वेळी पाणी तुंबवलं. काका दिवसभर डोकावत, पण हात लावला नाही.

न्हाणीघर झालं. उत्तरेचं ते उत्तरेचंच, पहाटे गारठा असतोच. पण वारा येत नाही आणि पाणी मुकाट्यानं जाळीत जातं. काकू पहिल्यांदा आत गेल्या, तेव्हा काका दाराबाहेर.

"बरी आहेस ना?"

"हो."

जरा वेळानं पुन्हा, "अगं, बरी आहेस ना?"

"अहो, मी महिनोन्‌महिने धड आंघोळ केलेली नाही. आता सुखानं करू द्या. फाटकापर्यंत जाऊन या हवं तर."

काका फाटकापर्यंत गेले. कडीला हात लावला आणि तसेच लगबगीनं परत आले. आत पाण्याचा आवाज चालू होता. ते पुन्हा फाटकाकडे निघाले.