कंचुकी – एक, लाल

नाट्यगृहाच्या शिवणखोलीत ती एकवीस वर्षं होती. सगळे तिला मावशी म्हणत, दिग्दर्शकसुद्धा. एक जुनं संस्कृतप्रचुर नाटक पुन्हा बसवायला घेतलं, तेव्हा त्याने खाली यादी पाठवली. त्यात लिहिलं होतं: ‘कंचुकी – एक, लाल.’

तिने दोन दिवस खपून लाल चोळी शिवली. काठ हाताने लावला.

तालमीत दिग्दर्शकाने ती चोळी सगळ्यांसमोर उंच धरली. “अहो मावशी, कंचुकी म्हणजे अंतःपुरातला म्हातारा सेवक! हे काय, त्याला घालू?” सगळे हसले. कंचुकीचं काम करणारा सत्तरीचा नट तर खोकेपर्यंत हसला.

तिने चोळी हिसकावून घेतली आणि खाली आली. त्या दिवशी मशीनच्या तीन सुया मोडल्या.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर त्यालाही हसू आवरेना. त्याच्या ताटात तिने भाजी अक्षरशः आपटली. नणंद मात्र हसली नाही. तिची सगळी नोकरी ग्रंथालयात गेली होती. तिने कपाटातून जाडजूड शब्दकोश काढला आणि म्हणाली, “वहिनी, नाटकाची प्रत मिळव. बसू आपण.”

रोज संध्याकाळी दोघी बसू लागल्या. अंशुक म्हणजे तलम कापड, अवगुंठन म्हणजे बुरखा. कापडाचे शब्द तिने एका बैठकीत पचवले. माणसांचे शब्द काही केल्या डोक्यात बसेनात. चेटी म्हणजे दासी, प्रतिहारी म्हणजे दारावरची राखणदार. विट हा शब्द आला तेव्हा नवरा आतून ओरडला, “घर बांधायची वीट!”

“तुम्ही गप्प बसा!” ती कडाडली. “विट म्हणजे चैनी माणसाबरोबर फुकट मजा मारणारा. ओळखीचा वाटतो ना?”

शब्द आणि अर्थ लिहिलेल्या चिठ्ठ्या तिने इस्त्रीच्या टेबलाला टाचल्या. पाय मशीनवर, डोळे चिठ्ठीवर. महिन्याभरात प्रत संपली. राग काही संपला नाही.

रंगीत तालमीला दिग्दर्शकाने पुन्हा टोमणा मारला, “मावशी, शब्दकोश पाठवू का?”

“पाठवा की. कंचुकीचे दोन्ही अर्थ आहेत त्यात, चोळी पण आणि तुमचा म्हातारा पण. शिवणखोलीत कपड्यांची यादी येते साहेब, माणसांची नाही. कोणता अर्थ ते तुम्ही लिहायचं होतं. तुम्ही लिहिलं नाही आणि हसं माझं केलंत.”

कुणी हसलं नाही. नंतर तो तिला बाजूला घेऊन पुटपुटला, “चुकलंच माझं, सोडून द्या.”

“हसलात सगळ्यांसमोर. हे इथे कोपऱ्यात का?”

तो मान खाली घालून निघून गेला. सगळ्यांसमोर तो शेवटपर्यंत काही बोलला नाही, आणि तिनेही त्याला माफ केलं नाही. नाटक चाललं, कपड्यांचं कौतुक झालं, तिला त्याचं काही वाटलं नाही.

पुढच्या नाटकाची यादी आली, तेव्हा तिने ती न वाचताच परत पाठवली. वर लिहिलं: ‘आधी प्रत. मग कात्री.’

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत आली.