उतारावरची चावी

दादाची पेट्रोलवरची जुनी जीप गोठ्याशेजारच्या पडवीत कित्येक वर्षं धूळ खात पडली होती. ती पुन्हा चालू करायचं खूळ माझं नव्हतं, वहिनीचं होतं. मी भोरला कचेरीत कारकुनी केली. निवृत्त झाल्यापासून रेडिओ, पंखे, शेजाऱ्यांचे मिक्सर असं काहीबाही उघडून बसतो. बायको म्हणते, या माणसाला धड चाललेली वस्तू बघवत नाही. वहिनीला तेवढंच भांडवल पुरलं.

"भावजी, गाडी दुरुस्त करा," ती म्हणाली. "ती आपोआप बंद पडती, येवढं एकदा लोकांना दिसू द्या."

आमच्या वाडीवरून विंझरच्या रस्त्याला उतरताना एक खिंड लागते. दादा त्या जीपमधून माणसांची नेआण करायचा. एका दुपारी खिंडीतल्या डाव्या वळणावर जीप रस्ता सोडून खाली गेली. बाकीचे खरचटण्यावर निभावले. दादाच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसलेला विंझरचा माणूस मात्र जागच्या जागी गेला. लोक धावत आले तेव्हा गाडीची चावी बंद होती. पेट्रोल वाचवायला उतारावर चावी बंद करून गाडी नुसती घरंगळत सोडणारे ड्रायव्हर आमच्याकडे पैशाला पासरी, त्यामुळे निकाल तिथल्या तिथे लागला. दादा म्हणत राहिला, गाडी वळणावर आपोआप बंद पडली, ती चालू करायच्या गडबडीत चाक घसरलं, आणि चावी मी नंतर, आग लागेल या भीतीनं फिरवली.

केस यथावकाश मिटली. तोंडं मिटली नाहीत. मेलेल्या माणसाची बायको दारात येऊन उभी राहिली, तेव्हा वहिनीनं पोटच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, माझ्या नवऱ्यानं चावी बंद केली नव्हती. त्यानंतर आमच्या घरातलं कुणी विंझरला एसटीतून उतरलं नाही. दादानं पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नाही, आणि कुणाच्या गाडीत बसलाही नाही. लग्न असो की मयत, पायी जायचा. वहिनी मात्र ताठ मानेनं जगली ती त्या एका शपथेवर. म्हणून मी हो म्हणालो.

जीपचा पत्रा जागोजागी चेपलेला होता, पण सांगाडा शाबूत होता; जुन्या वायरिंगचा मात्र उंदरांनी फडशा पाडला होता. ठिणगी तयार करणारी कॉइल फुगलेली, पॉइंट गंजलेले. अशा गाडीचे भाग आता दुकानात मिळत नाहीत, भंगारात हुडकावे लागतात. हायवेलगत जुन्या गाड्या फोडणारा विंझरचा एक जण आहे, त्याच्याकडे गेलो. कुठल्या गाडीला पाहिजे, असं त्यानं विचारलं आणि मी शहाण्यासारखं खरं सांगितलं. तो आत गेला, एक कॉइल घेऊन आला आणि माझ्या पुढे केलेल्या हाताकडे न बघता त्यानं ती जमिनीवर ठेवली. मिरची अशी ठेवतात आमच्याकडे, हातात दिली की भांडण होतं म्हणून.

"उचला," तो म्हणाला. "बसली न्हाई तरी माघारी आणू नका."

"अहो, कॉइल आहे ती, लवंगी मिरची नव्हे," मी म्हणालो. तो हसला नाही.

बॅटरीपासून चावीपर्यंत, चावीपासून कॉइलपर्यंत, कॉइलपासून प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपर्यंत सगळी वायर नवी ओढली. डिस्ट्रिब्युटर तेवढा जुनाच ठेवला, पॉइंट नवे बसवले. प्लगच्या टोकाला निळी ठिणगी उडाली आणि इंजिन खोकत का होईना, चालू झालं. वहिनी टाळ्या वाजवायचीच बाकी होती. खालच्या खाचरात दादा बांध घालत होता. आवाज त्याच्यापर्यंत गेला असणार, कारण त्याचं फावडं थांबलं. पण त्यानं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच जीप घेऊन खिंडीकडे निघालो. वरची वळणं झकास गेली. डाव्या वळणावर आलो आणि इंजिन बंद पडलं. धक्के नाहीत, फुसफुस नाही. बोलता बोलता माणूस गप्प व्हावा तसं. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून गाडी थांबवली. एवढ्या उजेडात, एवढ्या वाऱ्यात त्या जागी कसलाही आवाज नव्हता. आणि मग शेजारच्या रिकाम्या सीटची स्प्रिंग कुरकुरली, बसलेल्या माणसानं अंग सावरावं इतकीच.

भूतबीत मी मानत नाही. तरी त्या सीटकडे न बघता स्टार्टर मारला, आणि जीप लगेच चालू झाली.

कॉइल गरम होत असेल, म्हणून ती बदलली. पुन्हा त्याच वळणावर बंद. मग कंडेन्सर बदलला, चावीचा स्विच बदलला. पुन्हा तिथेच. चढताना कधी नाही, सपाटीला नाही, बाकीच्या उतारावर नाही. मी चिडायला लागलो आणि चिडण्याखाली मला भीती वाटत होती, हेही खरंच. गाडीत बसायच्या आधी मी शेजारच्या सीटवर पिशवी ठेवायला लागलो. ती जागा रिकामी बघवेना.

वहिनीला मात्र आनंदाचं भरतं आलं. "म्हनलं न्हवतं म्या? त्याच जागी!" ती डोळ्याला पदर लावून हसायची. दादा ओसरीवर बसून ऐकायचा आणि विचारायचा, "आजबी तिथंच?" मी हो म्हणालो की त्याचा चेहरा सुटायच्या ऐवजी आणखी आवळला जायचा. माझा भाऊ सुटतोय आणि त्याला बरं कसं वाटत नाही, हे मला कळेना.

शेवटी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आत भिंग लावलं. आतली एक पातळ चकती ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की किंचित फिरते. तिच्यावर बोटभर वायर होती. वरचं कवच शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. पाय दाबलेला असला की टोकं चिकटायची, उतारावर पाय उचलला की सुटायची. मी मोठ्यानं हसलो. मग वाटलं, उतार तर सगळ्याच वळणांना आहे, तिथेच का? आणि ती वायर तेव्हापासून तुटलेली होती, की इतकी वर्षं पडून राहिल्यामुळे तुटली? तुटलेलं तांबं काही तारीख सांगत नाही.

वहिनीनं यातलं काही विचारलं नाही. मी नवी वायर जोडेपर्यंत ती शेजारी उभी राहिली, आणि तो जुना तुकडा घेऊन तिनं पदराला गाठ मारली.

"चला विंझरला," ती म्हणाली. "तिच्या हातात देते आन् सांगते, बघ बाई."

"म्याबी येतो," दादा म्हणाला.

तो ओसरीवरून उतरला, मी ठेवलेली पिशवी त्यानं मागे टाकली आणि पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी बसला. वहिनी मागे बसली. वाटभर तीच बोलत होती, काय सांगायचं, कसं सांगायचं. खिंड आली. मी मुद्दाम पाय उचलला. डावं वळण आलं. इंजिन चालूच होतं. मी सुटकेचा श्वास सोडला आणि त्याच क्षणी सगळं गप्प झालं.

तीच शांतता. ब्रेकवर उभा राहून मी गाडी काठाशी थांबवली. नव्या वायरला शिवी घालायला तोंड उघडलं, तेव्हा मला दादाचा हात दिसला. तो चावीवर होता.

"अशी," तो म्हणाला. "तवाबी म्या अशीच बंद केली व्हती. वळनाच्या आदी. रोज करायचो."

मागे वहिनीचं बोलणं अर्ध्यावर थांबलं होतं. दादा समोर दरीकडे बघत होता. "त्यो म्हनला व्हता, चालू ऱ्हाऊ दे, मला भ्या वाटतंय. म्या हसलो."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळ घ्यावंसं वाटलं. मी दोन्हीतलं काही केलं नाही. मागे वळून बघायची तर मला हिंमतच नव्हती. पोराच्या डोक्यावर ठेवलेला तो हात आता कुठे असेल, एवढंच डोक्यात घुमत होतं.

मागून वहिनीनं पदराची गाठ सोडून तो वायरचा तुकडा पुढे आमच्या दोघांमध्ये टाकला, आणि ती बोलली तेव्हा इतक्या वर्षांत मी ऐकला नव्हता असा तिचा आवाज होता.

"भावजी, गाडी चालू करा. तिच्या दारात म्या पयली उतरनार."