घाई छातीपर्यंत पोचत नाही

लग्नाआधी माझी छाती म्हणजे पिठाची गिरणी होती. कंडक्टरनं तिकीट विचारलं तरी धडधड. बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं पोहे नेले, तर ताटल्या वाजायला लागल्या. आणि तेव्हाच्या मला, त्या येडीला, वाटलं, हेच प्रेम! अजून पोराचं तोंडही बघितलं नव्हतं.

याच बयेनं पुढं, लेकरं मोठी झाल्यावर, डोंगरात जावेशी पैज लावली: वरच्या फांदीवरचं डोळे उघडलेलं सीताफळ मीच काढणार. खडकावर चढले, हात पोचला, पाय सुटला. सीताफळ जावेनं खाल्लं. माझा कणा खांद्यांच्या मधोमध मोडला. हात राहिले, जीभ राहिली. छातीखालचं सगळं परक्याच्या घरी गेल्यासारखं झालं.

तेव्हापासून चाकाची खुर्ची आणि लघवीची नळी. नळी मांडीखाली दुमडली तर खाली मला काही कळत नाही, पण डोकं ठणकतं, कपाळाला घाम फुटतो, आणि नाडी मात्र मंदावते. घरधनी येता-जाता नळी सरळ करायचे. मागच्या साली तेही गेले.

मग पुण्याचा लेक घाटनांदूरला आला तो नवं कुलूप घेऊनच. "आई, एकटीनं न्हाई ऱ्हायचं आता."

मला माझ्याच घरात ऱ्हायचं होतं. लई भांडलो. शेवटी ठरलं, अंबाजोगाईला छातीची पट्टी, ते ईसीजी का काय, काढायची आणि डॉक्टर म्हणतील तसं करायचं.

पट्टीवर ठोक्या-ठोक्यात एवढं अंतर, की लेकाचा चेहराच उतरला. डॉक्टरीणबाई पोरगेलीच होत्या. त्यांनी मला हात भराभरा वर-खाली करायला लावले. धाप लागली, नाडी जेमतेम हलली.

"हृदय चांगलं आहे," त्या लेकाला म्हणाल्या. "ठोक्याची वीज ते स्वतःच तयार करतं. पण 'घाई कर' हा मेंदूचा निरोप कण्यातून येतो, तो वाटेतच तुटलाय. 'सावकाश चाल' हा निरोप वेगळ्या वाटेनं, मानेतून येतो. ती वाट शाबूत आहे."

"म्हंजी कासरा हाय, चाबूक न्हाई," मी म्हणाले. लेक हसला नाही.

तो औषधं आणायला गेला तेव्हा मी हळूच विचारलं, "बाई, आमचे हे गेले तवा समदं घर हंबरडा फोडत होतं, अन् माझी छाती आपली टिकटिक, टिकटिक. मी दगड हाय का?"

"रडू आलं होतं?"

"आलं की."

"त्याची वाट वेगळी, आजी."

लेक परत आल्यावर त्यांनी सांगितलं, राहू द्या. पण हाकेच्या अंतरावर नळी बघणारं माणूस पाहिजे. समोरच्या घरात अंगणवाडीतून निवृत्त झालेली बाई राहते. ती म्हणाली, "हाक आली की येते. पर खरी हाक पायजे."

लेकानं कुलूप परत नेलं. गाडी वळणापलीकडं गेली. मी जिंकले होते. छातीला कुणी कळवलंच नव्हतं. मागं वळले, तर घरात भांड्याचासुद्धा आवाज नाही. किती वेळ बसले कोण जाणे. मग मला अवदसा आठवली.

"अगं ये! डोकं ठणकतंय!"

ती पिठाच्या हातानं धावत आली. मांडी उचलून बघितली. नळी सरळ. कपाळ कोरडं.

"कावून बोलावलं, आक्का?"

"म्हणलं बघावं, येतीस का."

"तव्यावर भाकर टाकून आले मी! आनखी एकदा अशी हाक मारलीत, तर पुण्याला फोन मीच लावीन."

ती गेली. करपल्याचा वास माझ्या दारापर्यंत आला.

आता मी हाक जपून ठेवते. दिवेलागणीला ती तोंडापर्यंत येते. मी कपाळाला हात लावून बघते. कोरडं असतं. मग गप्प बसते.