दोन पिंपळगावं, दोन बॅगा आणि एक बेट

या ब्लॉगवर मी एरवी लेणी, घाट आणि खानावळींबद्दल लिहिते. या वेळी तसं काही नाही. प्रवास सगळा मराठवाड्यातला, त्यातही बहुतेक जालना जिल्ह्यातलाच, पण त्याचं कारण जगाच्या दुसऱ्या टोकाला होतं. माझी भाची ऋतुजा डॉक्टर व्हायला कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर निघाली होती. मी जालन्यात शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे ते बेट नकाशात दाखवण्याचं काम नात्यातल्या सगळ्यांनी माझ्यावर टाकलं होतं. नकाशात ते टाचणीच्या डोक्याएवढंही दिसत नाही. बघणारा माझ्याकडे संशयाने बघायचा आणि मंग तिथे डॉक्टर कशाला लागतात, असं विचारायचा.

ताईचं सासर कुंभार पिंपळगावला. ऋतुजाची आत्या, म्हणजे ताईची नणंद, पिंपळगाव रेणुकाईला. एक जिल्ह्याच्या दक्षिणेला, दुसरं उत्तरेला, आणि मध्ये जालना. आत्या एकट्याच राहतात. ऋतुजा पाचवी ते दहावी त्यांच्याकडे राहून शिकली, त्यामुळे तिला अर्धी त्यांनीच वाढवली म्हटलं तरी चालेल. आणि या आत्यांना हिच्या ॲडमिशनची बातमी सगळ्यात शेवटी कळली, तीही गावातल्या किराणा दुकानात. घरच्यांनी मुद्दामच सांगितलं नव्हतं. त्या मोडता घालतील अशी सगळ्यांना भीती होती, म्हणून सगळं पक्कं झाल्यावर सांगू असं ठरलं होतं. त्या दिवसापासून आत्यांनी ऋतुजाचा फोन उचलला नव्हता.

"आत्याला भेटल्याशिवाय मी विमानात बसणार न्हाई," असं ऋतुजाने जाहीर केलं. मंग ठरलं असं: मी माझ्या गाडीतून तिला आणि तिच्या दोन बॅगांना घेऊन वाटूरमार्गे जालन्याला यायचं, एक मुक्काम माझ्याकडे, दुसऱ्या दिवशी पिंपळगाव रेणुकाई आणि तिथून सिल्लोडमार्गे छत्रपती संभाजीनगर. ताई आणि भावजी परस्पर तिथे येणार आणि पुढे मुंबईला तिघं जाणार.

कुंभार पिंपळगावहून निघायला सकाळचे दहा वाजले. आठला निघायचं ठरलं होतं, पण बॅगेची चेन लागत नव्हती. ताईने ऋतुजाच्या तळहातावर दही ठेवलं. अंगण झाडायला आलेल्या बाईंनी झाडू हातात घेतला, तसं ताईने त्यांना हात करून थांबवलं.

"थांबा ओ जरा. लेकरू वेशीभाईर तरी जाऊ द्या."

हे ज्यांच्याकडे पाळत नाहीत त्यांच्यासाठी सांगते: घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की त्याच्यामागे लगेच केर काढत नाहीत. आमच्या आईच्या काळात पोचल्याचा निरोप येईपर्यंत घराला झाडू लागत नसे. आता गाडी गावच्या कमानीबाहेर पडली की तेवढ्यावर भागतं. मी आरशात पाहिलं तर आम्ही वळणापर्यंतही गेलो नव्हतो आणि बाईंनी झाडायला सुरुवात केली होती.

परतूरपर्यंतचा रस्ता अरुंद आहे, दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये मध्ये कपाशी. मोठी गाडी समोर आली की एक चाक मातीत घालायची तयारी ठेवा. परतूरनंतर वाटूर फाटा. इथे थांबायचं कारण चहा नव्हे, माझा चुलतभाऊ बंडू. त्याचं फाट्यावर आडतीचं दुकान आहे. धान्याची पोती मोजायचा मोठा काटा आहे, आणि विमानात एका बॅगेला तेवीस किलोची मर्यादा आहे, तर काट्यावर मोजून घ्यावं असा आमचा हिशोब.

दुकानात सोयाबीनचे दोन शेतकरी बसले होते. त्यांनी जागा करून दिली. बंडूने पहिली बॅग काट्यावर ठेवली.

"रिकामी बॅग किती भरती?" त्याने विचारलं.

"चार किलो. चिठ्ठीवर लिहिलंय," ऋतुजा म्हणाली.

बंडूने आकडा पाहिला, मान हलवली. "बराबर तेवीस. दुसरी आण."

दुसरीही बराबर तेवीस निघाली. आम्हाला स्वतःचं फार कौतुक वाटलं. बसलेल्यांपैकी एकाने विचारलं, "बेट म्हंजी वेस्ट इंडीजच ना? ते फास्ट बॉलरवालं?"

"तेच," मी म्हणाले.

"मंग पोरगी हाडं बसवायलाच शिकून येईल," ते म्हणाले आणि सगळे हसले. बंडूने निघताना ऋतुजाच्या हातात भाजलेल्या शेंगांची पुडी दिली. ही हातातच ठेव, बॅगेत टाकू नको, असं बजावून दिली. त्याला आपण केलेल्या मोजणीचा अभिमान होता.

वाटूर ते जालना रस्ता रुंद आणि उत्तम. तासाभरात पोचाल, फक्त वाटेतल्या ढाब्यांवर जेवायला थांबू नका. एकाच रश्शाला तिथे चार नावं आहेत. आम्ही जालन्यात घरीच खिचडी टाकली.

ऋतुजाचे डॉक्टरी पांढरे कोट माझ्या शेजारच्या शबानाआपांनी शिवले होते. संध्याकाळी त्या ते द्यायला आल्या. त्यांच्या घरातली निम्मी माणसं कामाला आखाती देशांत, त्यामुळे त्यांच्याकडे बॅग लटकवून मोजायचा छोटा हातकाटा असतो. बॅग बराबर तेवीस किलो आहे असं ऋतुजाने सांगितलं, तरी कोट ठेवायच्या आधी त्यांनी सवयीने ती उचलून पाहिली आणि थबकल्या.

"ये तेवीस? किसने बोला?"

"आडतीवर मोजली आपा, मोठ्या काट्यावर."

त्या हातकाटा घेऊन आल्या. सत्तावीस. दुसरीही सत्तावीस. मी बंडूला फोन लावला.

"अगं, सत्तावीसच हुतं की," बंडू म्हणाला. "चार किलो बारदाना काटला. बारदाना काटल्याबिगर वजन करतंय का कुणी?"

आयुष्यभर पोत्याचं वजन वजा करून धान्य मोजणाऱ्या माणसाने सुटकेसही पोत्यासारखीच मोजली होती. यात त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. विमानवाले बारदाना काटत नाहीत एवढंच.

मंग आठ किलो बाहेर काढायला आम्ही तिघी बसलो. प्रेम किती जागा घेतं ते तेव्हा कळलं. पापड, कुरडया, काळ्या मसाल्याच्या दोन बरण्या, मेतकूट, शेवया, चुलत आजोबांनी दिलेलं पितळी फुलपात्र, भावजींनी कुणाला न सांगता तळाशी ठेवलेलं कुलूप. कुलूप एवढं मोठं होतं की गोदामाला चाललं असतं. शबानाआपा प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारत होत्या, "वहाँ मिलता क्या ये?" मिळत असेल तर बाहेर. तेवढ्याने भागलं नाही. सगळ्यात जास्त जागा एका गोधडीने घेतली होती. ऋतुजा पाचवीत पहिल्यांदा आत्याकडे राहायला गेली तेव्हा त्यांनी शिवलेली.

"बेटावर वर्षभर उकाडा असतो," मी म्हणाले. भूगोल शिकवते, मला माहीत असतं.

"कुकर काढ," ऋतुजा म्हणाली. "गोधडी ऱ्हाईल."

कुकर काढला. मेडिकलच्या मुलीने भात कशात शिजवावा, हा प्रश्न मी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी जालना, राजूर, भोकरदन. रस्ता चांगला आहे. राजूरला गणपतीच्या पायऱ्यांशी पोहे चांगले मिळतात, दोन प्लेट आणि दोन चहा शंभराच्या आत. भोकरदनच्या पुढे पिंपळगाव जवळ आल्याचं नाकाला आधी कळतं. इथे हिरव्या मिरचीचा मोठा बाजार भरतो. दुपारनंतर गेलात तर रस्त्यावर ट्रक, टेम्पो आणि मिरचीचे ढीग यांतून वाट काढावी लागते. गाडीच्या काचा बंद ठेवा. आम्ही आधी रेणुकाईचं दर्शन घेतलं. ऋतुजा देवीपुढे बराच वेळ उभी होती. काय मागितलं ते विचारायची गरज नव्हती.

आत्यांना मी अक्का म्हणते. त्यांच्या अंगणाबद्दल आधी सांगायला हवं. दिवसातून तीनदा ते झाडलं जातं. कडुनिंबाचं पान खाली पडून सावकाश पिवळं झालंय, असं त्या अंगणात मी कधी पाहिलेलं नाही. चप्पल फाटकाशी काढायची, पाय धुवायचे, मंग आत. आम्ही पोचलो तेव्हाही त्या झाडतच होत्या. गाडी पाहिली, झाडू भिंतीशी ठेवला आणि आत गेल्या. दार मात्र उघडं ठेवलं.

आत ताटं वाढलेली होती. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. आम्ही येणार हे त्यांना कुणी कळवलं होतं कोण जाणे. ऋतुजा पाया पडली. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण हातही ठेवला नाही.

"तिला म्हणाव, जेव," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"अक्का, ती इथंच बसलीय."

"मंग ऐकू येतंच असंल."

जेवण असंच झालं. तिला म्हणाव, भाकरी घे. तिला म्हणाव, ठेचा बेतानं खा, प्रवास हाय. ऋतुजा सांगतील तेवढं खात होती. शेवटी तिने ताट सरकवलं.

"आत्या, चुकलं माझं. सगळ्यात आधी तुला सांगायला पायजे होतं. तुझी गोधडी घेऊन चालले मी."

आत्यांनी माझ्याकडेच पाहिलं. "तिला म्हणाव, तिकडं गरम असतंय म्हणं. उगं वजन कशाला न्हेऊन राह्यली." थोडं थांबून म्हणाल्या, "मला दुकानात कळलं, माय. साखर घ्यायला गेल्ते. तो दुकानदार म्हणला, पेढे कवा? म्या म्हणलं, कशाचे?"

मी बाहेर येऊन गाडी वळवली. ऋतुजा उंबऱ्याशी थांबली, वाट बघत. दही नाही, कुंकू नाही, आत्या दारापर्यंतही आल्या नाहीत. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. ऋतुजा गाडीत येऊन बसली आणि सिल्लोड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मला आत्यांचा राग आला होता. वयाने मोठ्या माणसाने एवढं ताणू नये, असं मला वाटत होतं, आणि तसं मी बोललेही.

"तिला काही म्हणू नको, मावशी," ऋतुजा म्हणाली.

संभाजीनगरला ताई-भावजी वाट बघत होते. बॅगा त्यांच्या ताब्यात दिल्या, शबानाआपांच्या हातकाट्यावरचं नवं वजन लिहिलेली चिठ्ठीही दिली आणि मी जालन्याला परत आले. पुढचं मला फोनवरूनच कळलं. मुंबईच्या विमानतळावर दोन्ही बॅगा मर्यादेत बसल्या. भावजी काचेपलीकडे ती दिसेनाशी झाल्यावरही तिथेच उभे होते. मंग एक विमान, मधल्या एका विमानतळावर लांबलचक मुक्काम आणि दुसरं विमान.

पोचल्याचा तिचा मेसेज शाळेत मधल्या सुट्टीत आला. त्याखाली लगेच दुसरा: "आत्या फोन उचलत न्हाई. तू जाऊन सांगशील का?"

शाळा सुटल्यावर निघाले. मनातून अजिबात जायचं नव्हतं, पण पोरीने एवढ्या लांबून सांगितलेलं टाळता येईना. पिंपळगावला पोचले तेव्हा बाजार उठत होता. आत्यांच्या फाटकाशी शेजारची बाई उभी होती.

"बरं झालं आलात. अक्काला बरं न्हाई वाटतं. इचारलं तर काई बोलून न्हाई राह्यली."

मी फाटक उघडलं आणि चप्पल काढायची विसरले. अंगणभर कडुनिंबाचा पाला पडला होता, वाळून वाऱ्याने कोपऱ्यात गोळा झालेला. वाऱ्यावर आलेली मिरचीची देठं, कोंबडीची पिसं, ओसरीवर मातीचा थर. अंगणात पाल्याखालच्या मातीत ऋतुजाच्या अनवाणी पावलांचे ठसे अजून होते, उंबऱ्यापासून फाटकापर्यंत. आत्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. तब्येतीला काही झालं नव्हतं.

"पोचली?" त्यांनी विचारलं.

"पोचली, अक्का. आजच."

"बराबर पोचली?"

"बराबर. खोलीवर गेली. गोधडी अंथरली म्हणाली."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. डोळेही त्यातच पुसले. मंग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, दारामागचा झाडू घेतला आणि ओसरीपासून झाडायला लागल्या. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "तू बस. हे माझंच काम हाय."

मी बसले. रागावल्याबद्दल मला फार लाज वाटली. अंगण झाडून झाल्यावर त्यांनी चहा केला. फोन का उचलत नाही, हे मी विचारलं नाही.

आता माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर बाहेर काढलेले आठ किलो आहेत. पापड संपत आलेत, कुकर मी वापरते, कुलपाचं काय करायचं ते कळत नाही. कुणी मूल इतक्या लांब शिकायला पाठवत असेल, तर माझा सल्ला एवढाच: बॅग बारदान्यासकट मोजा, आणि बातमी दुकानात पोचायच्या आधी घरच्यांना सांगा.

पिंपळगावहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघत होते, तेवढ्यात अक्कांचा फोन आला.

"माय, त्या बेटावर आत्ता किती वाजले असतील?"

मी सांगितलं, तिकडे अजून कालची रात्र आहे, झोपली असेल.

"मंग झोपू दे," त्या म्हणाल्या. "उठली की तिला म्हणाव, फोन कर. म्या जवळच घेऊन बसले."