चाकातल्या टिचक्या

“सपाटीला ब्येस चालती, म्याडम. कॅनॉलच्या पुलाचा चढ लागला की चाकात बसून कुनीतरी टिचक्या मारतं.”

हे सांगताना तारामतीबाई साळव्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. त्या देवळाली प्रवरेकडे नर्स होत्या, वस्त्यावस्त्यांवर जाऊन बाळांना लस टोचायच्या. आमच्या कारखान्याने नगरच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिक सायकली बनवायला घेतल्या होत्या आणि ट्रायलसाठी काही सायकली अशा रोज फिरणाऱ्या माणसांना दिल्या होत्या. त्यातली एक बाईंची. पुलावर चाक क्षणभर अडकलं आणि त्या पडल्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अशी सायकल दिसली की लोक रस्त्यात थांबून बघायचे. मी कंट्रोलर करायचे, म्हणजे बॅटरीतून मोटरला करंट कधी आणि किती द्यायचा हे ठरवणारा डबा. मोटर मागच्या चाकाच्या मधोमध बसायची. ती मंजिरीने डिझाइन केलेली.

मंजिरी पुण्याहून शिकून आलेली, माझ्याहून बरीच लहान. ती येईपर्यंत कारखान्यात बाई इंजिनियर मी एकटीच. साहेब मला कायम ‘शिंदे मॅडम’ म्हणत. तिला पहिल्या दिवसापासून ‘मंजिरी’. पाहुणे आले की मोटर दाखवायला तिला बोलावणं. माझा काळा डबा कोण बघणार? तिने मोटर उघडून आतली रचना समजावली की पाहुणे माना डोलवायचे. मी मागे उभी राहून वायरी गुंडाळायचे. माझ्या पोटात दुखायचं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये याचाही ताप व्हायचा.

मंजिरीने बाईंची मोटर उघडली. या मोटरमध्ये तारांची गुंडाळी मध्ये स्थिर असते, आणि तिच्याभोवती लोखंडी रिंग चाकाबरोबर फिरते. रिंगला आतून चपटे चुंबक ॲडेसिव्हने चिकटवलेले असतात.

“सगळे मॅग्नेट जागेवर आहेत,” ती म्हणाली. “बेअरिंगपण ठीक.”

साहेब माझ्याकडे वळले. “मग कंट्रोलरच झटके देतोय. शिंदे मॅडम, सोमवारी पुण्याचे डीलर येतायत. बाई हात मोडून घेतायत. हे निस्तरलं नाही तर ट्रायल बंद.”

मंजिरी मोटर पुन्हा जुळवायला लागली. तिने साहेबांची री ओढली असती तर बरं, निदान भांडता आलं असतं.

सायकल स्टँडवर लावून चालवली. चाक गुळगुळीत फिरलं, आवाज नाही. म्हणजे आवाजाला ओझं हवं होतं. मी सायकल डिस्पॅचच्या रॅम्पवर नेली, कॅरियरला तांब्याच्या तारेचं रीळ बांधलं आणि चढवली. टिक. थोडं वर गेल्यावर पुन्हा टिक. खाली येऊन दुसऱ्या सायकलचा चांगला कंट्रोलर जोडला. तरीही टिक. मग बाईंच्या सायकलचा कंट्रोलर त्या दुसऱ्या सायकलला लावला. ती सायकल मुकाट चढली.

मला झालेला आनंद डबा सुटल्याचा कमी आणि मोटर अडकल्याचा जास्त होता.

आता पुरावा हवा होता. मोटरमध्ये एक छोटा सेन्सर असतो. प्रत्येक चुंबक समोरून गेला की तो सिग्नल बदलतो. मी त्या सिग्नलची वायर ऑसिलोस्कोपला जोडली. ऑसिलोस्कोप म्हणजे सिग्नलचं चित्र दाखवणारा पडदा. चाक फिरवलं की पडद्यावर सारख्या रुंदीचे ठोकळे दिसायला हवेत. दिसत होतेही, पण चाकाच्या दर फेऱ्यात एक ठोकळा रुंद आणि त्याच्या शेजारचा अरुंद. चाक हळू फिरवत मी ती जागा शोधली आणि रिमवर खडूने खूण केली.

साहेबांना बोलावलं. मंजिरीलाही, आणि मुद्दाम असेंब्लीतल्या सगळ्यांना.

“मोटर ठीक आहे म्हणे,” मी म्हणाले आणि पडद्याकडे बोट केलं.

मंजिरी पडद्याशी वाकली. बराच वेळ ठोकळे बघत राहिली. तिचा चेहरा उतरायची मी वाट बघत होते.

“मॅडम, मोटर उघडू?”

तिने खुणेपाशी आत लाकडी पट्टी घातली आणि चुंबक आडवा ढकलला. तो सरकला. त्याच्या शेजारचाही सरकला.

“ॲडेसिव्ह सुटलंय,” ती म्हणाली. “चुंबक लोखंडाला आपोआपच धरून बसतो, म्हणून सुटला तरी पडत नाही. सपाटीवर हलत नाही. चढावर जोर आला की सरकतो, शेजारच्यावर आपटतो. पुलावर तिरका होऊन गुंडाळीला घासला असणार.” मग साहेबांकडे वळून, सगळ्यांसमोर: “माझी चूक, सर. मी नुसतं बघितलं, ढकलून नाही बघितलं. आणि रिंगला गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं, त्यावर ॲडेसिव्ह धरत नाही. ते थिनरने धुवा असं मी सांगायला हवं होतं. मी फडक्याने पुसा म्हटलं. सगळ्या सायकली परत मागवाव्या लागतील.”

मग साहेब म्हणाले, “बघा. असं काम करायचं असतं.”

ते तिला म्हणाले. स्कोप माझा चालू होता.

सायकली परत आल्या. रिंगा धुतल्या, चुंबकांमध्ये फटी भरणाऱ्या पट्ट्या बसवल्या, उष्णता सोसणारं ॲडेसिव्ह वापरलं. डीलरांना मंजिरीने सुटलेला चुंबकही दाखवला. मी म्हटलं, आता गेली ऑर्डर. पण चूक आपणहून दाखवली हे डीलरांना इतकं आवडलं की जेवतानाही तेच बोलत होते.

प्लास्टर निघाल्यावर तारामतीबाई सायकल न्यायला आल्या. रॅम्पवर दोनदा चढवून बघितली. आवाज नव्हता.

“कोनत्या म्याडमनी हुडकलं?”

“ह्यांनी,” मंजिरी लगेच म्हणाली. “मला तर दिसलंच नव्हतं.”

बाईंनी माझे दोन्ही हात धरले. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र विचार करत होते, ही एवढं सहज कसं देऊन टाकते? माझ्याच्याने एका ठोकळ्याचं श्रेय सुटलं नसतं.

पुढच्या मॉडेलची प्रमुख मंजिरी झाली. टेस्टिंग माझ्याकडे आलं, आणि मी ते चोख केलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढंच कळलं: बिघाड शोधला तर पगार मिळतो, आणि बिघाड आपला आहे असं सगळ्यांसमोर म्हटलं तर बढती. पहिलं मला उत्तम जमायचं.