लाल दिव्यावरचा संशय

आमच्या डोंबिवलीशेजारच्या कोपरच्या बिल्डिंगमध्ये संशय घेण्याचं काम दामाजीकाकांकडे होतं. नेमणूक कुणी केली नव्हती; कारकुनीतून निवृत्त झाल्यावर ते आपणहून रुजू झालेले. दुधात पाणी किती, कुणाचा मीटर उलटा पळतो, तिसऱ्या मजल्यावरचा कुकर रोज एक शिट्टी जास्त का मारतो, असे त्यांचे शोध जिन्यात खुर्ची टाकून चालत. पण काका हौशी. ज्याचा धंदाच संशयाचा होता तो माणूस म्हणजे आमचा शेजारी चांगदेव शेजवळ.

चांगदेव डोंबिवलीत स्टेशनजवळ काळुराम म्हात्रेच्या फोटो स्टुडिओत डार्करूम सांभाळायचा. रंगीत लॅब येऊन बरीच वर्षं झाली होती, पण फॉर्मवर चिकटवायला लोक अजून काळेपांढरेच फोटो काढत. आम्हा सगळ्यांचे पासावरचे, परीक्षेच्या फॉर्मवरचे, मुलीकडच्यांना पाठवायचे चेहरे त्याच्या हातून पाण्यातून वर आलेले. स्वतःचा चेहरा मात्र दगडाखालच्या गवतासारखा पांढुरका. सकाळी ऊन चढायच्या आधी डार्करूममध्ये शिरायचा आणि दिवेलागणीला बाहेर पडायचा. उजेड हा त्याचा शत्रू. दाराच्या फटीतून, खिळ्याच्या भोकातून, कडीच्या बाजूने तो कधी घुसेल याचा नेम नाही, म्हणून चांगदेव सदैव काळ्या कागदाच्या चिकटपट्ट्या घेऊन फिरे. आमच्याकडे चहाला आला तरी पहिली नजर दाराखालच्या फटीवर. एकदा मी म्हटलं, "अरे, इथे काय खराब होणारे? माणसंच बसलीयत." तर म्हणाला, "सवय लागलीय हो."

आता त्याच्या घरच्या सवयीबद्दल. तो संध्याकाळी घरी आला की रमाबाई दार उघडायच्या, उंबरठ्यावरच त्याला थांबवायच्या आणि त्याच्या तोंडाचा वास घ्यायच्या. मग चहा. हे लग्नापासूनचं. रमाबाईंचं माहेर मोहन्याचं. वडील चांगले कामावर होते, पण दारूने त्यांना नेलं आणि जाण्याआधी घरातली भांडीही नेली. बघायला आलेल्या चांगदेवला त्यांनी स्वतः सांगितलं होतं, "एकदा जरी वास आला ना, तर मी पेटी उचलून मोहन्याला. परत बोलवायला यायचं नाही." चांगदेवला त्यात जाच वाटत नसे. तो दर रविवारी विहारात वंदना घ्यायचा, दारू न पिण्याचं पाचवं शील मोठ्याने म्हणवून घ्यायचा, आणि घरी येऊन मुकाट्याने श्वास सोडायचा.

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात चांगदेवला त्याच्या लाल दिव्याचा संशय आला.

डार्करूममध्ये तेवढा एकच दिवा चालतो. त्या लाल उजेडात कागद बिघडत नाही. एके दिवशी तो चांगदेवला फिका दिसू लागला. विटकरी, जुन्या साडीसारखा. त्याने काळुरामला बोलावलं.

"शेट, बल्ब डुप्लिकेट दिलाय तुम्हाला. रंग उडालाय."

काळुराम मूळचा इथल्याच गावचा, आवाज शेतातून हाक मारल्यासारखा. "यो काय बोलतंस? कालच तं आनला! मना तं लालभडक दिसतो!"

"तुम्हाला दुकानदाराने फसवलंय."

"मना कोन फसवील रं? मीच दुनियेला पासपोर्ट फोटोत गोरा करून दाखवतो!"

दुसरा बल्ब आणला. तोही फिका. तिसरा आणला, तोही. तेव्हा चांगदेवने त्याच्या धंद्यातली जुनी परीक्षा घेतली. कोऱ्या फोटोपेपरवर एक रुपया ठेवला, दिव्याखाली चहा पिण्याइतका वेळ जाऊ दिला आणि कागद धुतला. दिवा खोटा असेल तर कागद काळवंडतो आणि नाण्याखाली पांढरा गोल उरतो. कागद सबंध पांढरा आला. दिवा निर्दोष सुटला.

मग चांगदेवने एक डोळा मिटला. दिवा लालभडक. तो उघडून दुसरा मिटला. दिवा विटकरी. फट दाराला नव्हती. डाव्या डोळ्यात कुठेतरी होती. अंधारात काम करणाऱ्या माणसाचा डोळा गेला हे कळलं तर काळुराम किती दिवस ठेवणार? चांगदेव कुणाला काही बोलला नाही.

पण पाय बोलू लागले. जिना चढताना त्याचा तोल जायला लागला. संध्याकाळी फाटकातून येताना तो एकदा भिंतीकडे झुके, एकदा गटाराकडे. दामाजीकाकांनी खुर्ची जिन्यातून उचलून थेट फाटकाशी नेली.

"पाहिलंत?" ते मला म्हणाले. "रविवारी शील सांगतो आणि सोमवारी असा चालतो."

"काका, पाय मुरगळला असेल."

"मुरगळलेला पाय एकाच बाजूला जातो. हा दोन्हीकडे जातोय. आणि जवळून गेला की आंबूस वास येतो, तो कशाचा?"

आंबूस वास खरंच यायचा, पूर्वीपासूनच; आता तो मलाही खटकला. विहाराच्या मंडळापर्यंत गोष्ट गेली आणि पुढच्या रविवारी वंदना दुसऱ्याला दिली. चांगदेव मागच्या सतरंजीवर जाऊन बसला. रमाबाई आता उंबरठ्यावर दोन-दोनदा वास घेऊ लागल्या. कपड्यांचा तो रोजचा वास दारूचा वाटत नव्हता, पण माणसं नव्या नव्या बाटल्या काढतात, त्यांना काय माहीत? एका संध्याकाळी चांगदेव घरी आला तेव्हा कॉटखालची पेटी बाहेर ओढलेली होती.

"अहो, मी काही विचारत नाही," त्या म्हणाल्या. "खरं काय ते तुम्हीच सांगा. नाहीतर उद्या सकाळी मी निघते."

"उद्या सकाळी निघ," चांगदेव म्हणाला. "पण माझ्याबरोबर स्टुडिओत."

इतक्या वर्षांत रमाबाईंनी डार्करूम पाहिली नव्हती. दार लावल्यावर त्या घाबरून दाराला टेकून उभ्या राहिल्या. चांगदेवने त्यांच्यापुढे एक ट्रे धरला. फोटो धुताना मध्ये ज्या पाण्यात बुडवतात त्यात ॲसिड असतं, लोणच्यातल्या व्हिनेगरसारखं. नाक लावताच रमाबाई म्हणाल्या, "अगंबाई! हाच तो!"

"आता त्या दिव्याचा रंग सांग."

"लाल. चांगला लालभडक."

"मला या डोळ्याने तो तसा दिसत नाही," चांगदेव म्हणाला, आणि बाकीचंही सगळं तिथेच सांगितलं. रमाबाई आधी रडल्या, मग संतापल्या. "पीत असतात तर तोंड तरी वाजवता आलं असतं! हे असलं लपवून ठेवायचं असतं का?"

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी लाल टोपणाचं पेन त्याच्यासमोर धरलं आणि एकेका डोळ्याने बघायला सांगितलं. चांगदेव म्हणाला, "बाई, टोपण ओरिजिनल आहे ना?" पुढे मुंबईला एमआरआयच्या मोठ्या यंत्राच्या बोगद्यात झोपवून डोक्याचे फोटो काढले. चांगदेवने ते काळेपांढरे फोटो उजेडाकडे धरून पाहिले आणि डाग पडलेल्या जागा डॉक्टरीणबाईंच्या आधी बोटाने दाखवल्या. त्याला वाटलं, धुताना शिंतोडे उडालेत.

"शिंतोडे नाहीत," बाई म्हणाल्या. "मल्टिपल स्क्लेरोसिस. वायरवर जसं प्लास्टिक असतं तसं नसांवर आवरण असतं. शरीराचे पहारेकरी त्यालाच परकं समजून कुरतडतात."

"म्हणजे शरीराचा शरीरावरच संशय?"

"तसंच काहीसं."

"पण मलाच का?"

"खरं सांगायचं तर माहीत नाही. हा आजार आपल्याकडे कमी, थंड देशांत जास्त, जिथे ऊन कमी पडतं तिथे. अंगावर ऊन पडलं की ड जीवनसत्त्व तयार होतं. त्याची कमतरता आणि हा आजार यांचं नातं असावं असं काही संशोधक म्हणतात. पुरावा अजून पक्का नाही."

"म्हणजे तुमचाही संशयच."

"संशयच. उन्हाने आजार बरा होतो असं मी म्हणत नाहीये, ऐकताय ना? इंजेक्शनं घ्यायचीच. पण दिवसभर अंधारात असता, तर सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ अंगावर घ्यायला हरकत नाही."

इंजेक्शनांनी डोळा बराच सुधारला. काळुरामने आरडाओरडा केला, पण काढलं नाही. "आरं, डोला एक असला तरी चालंल, मी तं फोटो काढताना एकच उघडा ठेवतो!" असं म्हणून त्याने चांगदेवला रोज दुपारची सुट्टी दिली. बिल्डिंगचा मात्र विश्वास बसेना. डोंबिवलीत ऊन कमी पडतं म्हणून माणूस लडखडतो? दामाजीकाका म्हणाले, "इंग्रजी नाव दिलं की आजार होतो. आमच्या वेळी याला एकच नाव होतं."

आणि चांगदेवने नेमका घोळ घातला. आयुष्यभर उजेडाचा हिशोब सेकंदात केलेला माणूस. त्याला वाटलं, इतक्या वर्षांचा कमी पडलेला उजेड कोवळ्या उन्हाने कसा भरून निघणार? एक्स्पोजर वाढवायला हवं. मार्चच्या भर दुपारी, रमाबाई जेवणानंतर पडल्यात असं बघून, तो गच्चीवर जाऊन बाह्या वर करून वाळवणासारखा पसरला. बऱ्याच वेळाने खाली यायला निघाला तर पाय शेवयांसारखे. डाव्या डोळ्यापुढे पुन्हा धुकं. जिन्याचा कठडा धरून तो डुलत डुलत उतरला आणि पहिल्याच वळणावर दामाजीकाका.

"वर जाऊन पितो!" काकांची आरोळी थेट तळमजल्यापर्यंत गेली. दारं उघडली. आम्ही सगळे जिन्यात. काका वर धावले आणि पाण्याच्या टाकीमागून एक बाटली घेऊन विजयाने परतले.

"अहो, पाणी आहे ते," चांगदेव कसाबसा म्हणाला. जीभ जड झालेली, त्यामुळे तेही पुराव्यातच जमा झालं.

काकांनी बाटली हुंगली. मग घोट घेतला. मग खात्री करायला आणखी एक. त्यांचा चेहरा पडला, पण हार मानतील तर काका कसले? "बाटलीत पाणी आहे," ते म्हणाले, "पोटात काय आहे ते कुणी बघितलंय?"

तेवढ्यात रमाबाई आल्या. केस सुटलेले, डोळ्यांवर झोप. त्यांच्या घरातल्या वासाची पद्धत सगळ्या बिल्डिंगला माहीत होती. जिन्यातला प्रत्येक जण आपोआप बाजूला सरला आणि त्यांना वाट मिळाली. काका म्हणाले, "वहिनी, तुम्हीच बघा. तुम्ही म्हणाल ते आम्हाला मान्य."

चांगदेवने सवयीप्रमाणे तोंड पुढे केलं आणि श्वास सोडायला उघडलं.

रमाबाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तव्यासारखं तापलेलं. "कोवळं ऊन म्हणाल्या होत्या ना बाई?" त्या म्हणाल्या. "भाजून घ्यायला कुणी सांगितलं होतं? मिटा ते तोंड." आणि वास न घेताच त्याचा हात खांद्यावर घेऊन त्या त्याला एकेक पायरी उतरवू लागल्या.

"वहिनी, वास—" काका म्हणाले.

"तुम्ही घ्या हवा तर. मला आता त्याची गरज नाही."

गार पाण्याच्या पट्ट्यांनी तासाभरात पाय ताळ्यावर आले. या आजारात अंग तापलं की नसा तेवढ्यापुरत्या रुसतात, हे डॉक्टरीणबाईंनी नंतर झापताना सांगितलं. तेव्हापासून सकाळी दूध येऊन गेलं की दोघं गच्चीवर दिसत. तो बाह्या वर करून, त्या तांदूळ निवडत. रमाबाईंनी स्वतः मंडळात जाऊन वंदना परत मिळवली. चांगदेव ती खुर्चीवर बसून घेई. त्याच्या अंगात बळ किती वाढलं, की नुसतंच काळवंडला, हे कुणालाच सांगता यायचं नाही.

संध्याकाळी दार उघडलं की तो सवयीने अजून उंबरठ्यावर थांबायचा. आतून रमाबाईंचा आवाज यायचा, "आत या की, चहा निवतोय."

दामाजीकाकांना मात्र त्या बाटलीतल्या पाण्याची चव अजून जरा वेगळी वाटते.